तारकांखालील शिंदळ माकुडी

सुरतेस आमच्या एका स्नेह्यांच्या दिवाणखान्यात नुकतेच एक छायाचित्र लागले आहे. वर आकाशगंगा, खाली कड्याच्या कपारीतून लोंबणारी शिंदळ माकुडी व तिचे एकच उमललेले फूल. शहराच्या दिव्यांमुळे येथे आकाशगंगा डोळ्यांस दिसतच नाही. तेव्हा येणाऱ्याजाणाऱ्याची नजर प्रथम वर जाते आणि तेथेच राहते. आमची तक्रार येथूनच सुरू होते.

ही वनस्पती सह्याद्रीच्या मोजक्या कड्यांवरच आढळते. डॅलझेल यांनी तिला शास्त्रीय नाव देताना १८६२ ते १८६७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या बार्टल फ्रियर यांचे नाव जोडले. फूल जेमतेम इंचभर. पाच टोकांचे, गडद तांबूस, वर पिवळे ठिपके. चांदणीच ती! वरच्या चांदण्यांशी तिचे नाते जोडावे, ही छायाचित्रकाराची कल्पना आम्हांस मनापासून आवडली.

तथापि एवढेसे फूल रेखीव यावे म्हणून भिंग त्याच्या जवळ नेले, की तारे पुसट होतात. अंधारात प्रकाश पुरावा म्हणून झडप अधिक वेळ उघडी ठेवावी, तर आकाश दर चार मिनिटांस एक अंश सरकत असल्याने ताऱ्यांच्या रेघा उमटतात. म्हणून फूल वेगळे व आकाश वेगळे टिपून दोन्ही जोडतात. येथेही तसेच झालेले दिसते. त्यात कपट नाही. परंतु चौकटीखाली ‘एक क्षण’ अशी अक्षरे आहेत. वकिलीची खोड म्हणा, ही साक्ष उलटतपासणीत टिकणारी नव्हे. ‘दोन क्षण’ लिहिले असते तर काय बिघडले असते?

याहून मोठा दोष उजेडाचा. गाभाऱ्यात समईच्या प्रकाशात मूर्तीचा मुखवटा हळूहळू प्रकट होतो. तेथे कोणी विजेचा झोत सोडला तर मूर्ती दिसते, दर्शन होत नाही. येथे बॅटरीचा झोत समोरून पडला आहे. मांसल देठांची गोलाई सपाट झाली, पाने पांढुरकी पडली आणि फुलाचा तांबूसपणा, जो या चित्राचा प्राण, तोच विटला. बाजूने, फडक्याआडून, मंद उजेड पुरला असता.

हा कोणता कडा, असे आम्ही विचारले. छायाचित्रकाराने गावाचे नावसुद्धा सांगू नये अशी अट घातली आहे, असे स्नेही म्हणाले. दुर्मिळ रोपे हौसेने उपटून नेणारे कमी नाहीत. आम्ही पुन्हा विचारले नाही.