मराठा वाड्याचे संगणकनिर्मित अंतर्दृश्य : जाहिरातपटातील घाई आणि काळाचे भान

प्रस्तावना

ऐतिहासिक पार्श्वभूमीच्या जाहिरातपटांतील दरबार, दिवाणखाने आणि रंगमहाल आज अनेकदा संगणकावर घडविले जातात. कलाकाराच्या पाठीमागे हिरवा पडदा असतो. पायाखालची जमीन व एखाददुसरा खांब तेवढा खरा, उरलेली वास्तू नंतर जोडली जाते. अशा दृश्यांची चिकित्सा वेशभूषा व संवाद यांच्या अंगाने होते, वास्तूच्या अंगाने क्वचितच. जानेवारी 2020 मध्ये अक्षय कुमार यांची भूमिका असलेल्या निरमाच्या जाहिरातीवरून महाराष्ट्रात वाद झाला, तेव्हाही चर्चा प्रामुख्याने मराठा योद्ध्यांच्या चित्रणाच्या औचित्याभोवती फिरली. ज्या दरबारात ते योद्धे उभे होते त्या दरबाराच्या स्वरूपाचा प्रश्न मागेच राहिला. प्रस्तुत लेखात मराठा वाड्याच्या संगणकनिर्मित अंतर्दृश्याचा विचार निर्मितीसाठी मिळणाऱ्या अल्प मुदतीच्या संदर्भात केला आहे.

जळून गेलेले अंतर्भाग

मराठ्यांचे किल्ले दगडाचे असल्याने टिकले. त्यांच्या राजवाड्यांचे अंतर्भाग मात्र मुख्यतः लाकडाचे होते. पुण्याच्या शनिवारवाड्याचे बांधकाम 1730 मध्ये सुरू झाले आणि 1828 च्या आगीत आतील महाल नष्ट झाले. आज तट, दरवाजे व जोती शिल्लक आहेत. नागपूरच्या महाल भागातील भोसल्यांचा काळ्या दगडाचा, विपुल लाकडी कोरीवकामाचा राजवाडा 1864 मध्ये जळाला व मागे नगारखाना उरला. म्हणजे मराठेशाहीच्या दोन प्रमुख सत्ताकेंद्रांचे अंतर्भाग छायाचित्रणासाठी उपलब्धच नाहीत. तेथे संगणकाचा आधार घेणे ही हौस नसून गरज आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे.

तथापि आधारसामग्री अगदीच नाही असे नव्हे. सवाई माधवराव पेशव्यांच्या दरबारात 1790 मध्ये झालेल्या तहाचा प्रसंग थॉमस डॅनियल यांनी जेम्स वेल्स यांच्या अभ्यासचित्रांवरून 1805 मध्ये रंगविला. त्यात कोरीव खांब व महिरपी दिसतात आणि पाहुण्या इंग्रजांसह सारे जण जमिनीवरील बैठकीवर बसलेले आहेत. पुण्याच्या विश्रामबाग वाड्यातील सागवानी खांब, वाईजवळच्या मेणवली येथील नाना फडणविसांचा वाडा आणि नागपुरातील चिटणवीस वाडा ही उदाहरणे तर प्रत्यक्ष मोजता येण्याजोगी आहेत.

मुदतीचे गणित

या आधारांचा उपयोग का होत नाही, याचे उत्तर निर्मितीप्रक्रियेत सापडते. तीस सेकंदांच्या जाहिरातीत सेकंदाला 25 चौकटी धरल्यास 750 चौकटी होतात. एका चौकटीच्या प्रकाशगणनेस एक तास लागतो असे मानले, तर एका यंत्राला 750 तास, म्हणजे एकतीस दिवसांहून अधिक काळ लागेल. दहा यंत्रे जोडली तरी तीन दिवस हवेत. बंदिस्त दालनात प्रकाश भिंतींवरून, छतावरून पुनःपुन्हा परावर्तित होतो. त्यामुळे मोकळ्या मैदानापेक्षा ही गणना अधिक जड असते. त्यात ग्राहकाने एक खांब बदलायला सांगितला, तर त्या दृश्याच्या साऱ्या चौकटी नव्याने काढाव्या लागतात. प्रसारणाची तारीख दिवाळीशी बांधलेली असेल, तर ती हलत नाही. परिणामी खांब, कमान, झुंबर ही सामग्री तयार प्रतिकृतींच्या संग्रहातून उचलली जाते. मुदत जेवढी कमी, तेवढा हा तयार संग्रहच इतिहास ठरवितो.

पडद्यावरचा वाडा

तयार संग्रहात जे सहज मिळते ते बहुधा राजस्थानी, मुघल किंवा युरोपीय असते. त्यातून तीन दोष संभवतात. पहिला द्रव्याचा. सागवानी तुळया, सुरूचे खांब आणि महिरपींवरील केळफुले यांच्या जागी झिलईदार संगमरवर येतो. दुसरा प्रमाणाचा. वाड्याच्या बेताच्या उंचीच्या, कडीपाटाच्या दालनाऐवजी प्रचंड घुमट उभा राहतो आणि गादी-लोडाच्या बैठकीची जागा उंच सिंहासन घेते. तिसरा दोष सर्वांत सूक्ष्म, प्रकाशाचा. वाड्यात उजेड चौकातून तिरपा येतो व रात्री तो समया-हंड्यांपुरता असतो. कोपऱ्यातला अंधार हा त्या वास्तूचाच घटक आहे. वस्तू विकायची असल्याने जाहिरात तो अंधार पुसून टाकते.

हा कल केवळ जाहिरातीपुरता नाही. 'बाजीराव मस्तानी' (2015) या चित्रपटाला कलादिग्दर्शनासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तरीही त्यातील आईना महाल शनिवारवाड्याच्या आरसे महालापेक्षा 'मुगल-ए-आझम'मधील (1960) शीशमहालाचीच आठवण अधिक करून देतो. पुरेसा अवधी असतानाही रूढ प्रतिमेचा मोह सुटत नसेल, तर अल्प मुदतीच्या जाहिरातीत तो बळावणे स्वाभाविक होय.

जाहिरात म्हणजे इतिहासग्रंथ नव्हे, असा आक्षेप यावर घेतला जाईल. तो रास्त आहे. परंतु ग्रंथ एकदा वाचला जातो आणि जाहिरात दिवसातून अनेकदा दिसते. नागपूरच्या मनीषनगरसारख्या सदनिकांच्या वसाहतीत वाढणाऱ्या मुलाच्या घरी ओसरी नाही, माजघर नाही, कोनाडाही नाही. वाडा म्हणजे काय, याची त्याची पहिली कल्पना पडद्यावरूनच घडण्याची शक्यता मोठी. ज्या वास्तूचा मूळ पुरावा जळाला आहे, तिच्या बाबतीत चुकीचे चित्र दुरुस्त करणारा दुसरा साक्षीदार जवळ नसतो.

समारोप

वरील विवेचनावरून दोष संगणकाचा किंवा घाईने काम करणाऱ्या कलावंताचा नाही, हे स्पष्ट होते. घाईच्या वेळी जे हाताशी तयार असते तेच वापरले जाते, म्हणून योग्य ते आधीच तयार असणे हाच उपाय होय. उभ्या असलेल्या वाड्यांचे खांब, महिरपी, छते व कोनाडे मोजून त्यांच्या संगणकीय प्रतिकृती खुल्या स्वरूपात उपलब्ध करणे हे स्थापत्य, इतिहास आणि ॲनिमेशन या विद्याशाखांचे संयुक्त काम ठरू शकते. मनीषनगरहून महालातील नगारखान्यापर्यंतचा प्रवास एकाच शहरातला आहे. विद्यार्थ्यांनी मोजपट्टी व कॅमेरा घेऊन तो केला, तर पुढच्या दिवाळीच्या जाहिरातीतील दरबाराला निदान एक खांब तरी नागपूरचा मिळेल.