न्यूयॉर्कच्या १७९२ सालच्या मतगणनेचे आंकडे

अमेरिकेंतील न्यूयॉर्क संस्थानच्या गव्हर्नरपदासाठीं इ. स. १७९२ च्या एप्रिलांत निवडणूक झाली. जॉर्ज क्लिंटन यांस ८४४० व जॉन जे यांस ८३३२ मतें मिळालीं, सबब क्लिंटन १०८ मतांनीं निवडून आले, असें कोष्टकांत छापलेलें आढळतें. आंकडे खोटे नाहींत. परंतु ते ज्या कागदावरून आले तो कागद कशाचा दाखला आहे याची चिकित्सा केल्याशिवाय त्यांचा उपयोग करणें धोक्याचें आहे.

प्रथम त्या वेळची वहिवाट ध्यानांत घेतली पाहिजे. १७७७ च्या राज्यघटनेप्रमाणें गव्हर्नरास मत देण्याचा अधिकार शंभर पौंड किंमतीची स्थावर मिळकत असणारासच होता. मतपत्रिका गांवोगांव मोजीत नसत. तपासनीस त्या बंद करून काउंटीच्या शेरीफाकडे देत, शेरीफ त्यांची पेटी संस्थानच्या चिटणीसाकडे पोंचवी, आणि विधिमंडळाच्या दोन्ही सभांतून प्रत्येकीं सहा असे बारा मतगणक ती उघडीत. त्यांचा निर्णय अखेरचा. मूळ साधन पाहण्याची संधि एकदांच, आणि तीहि या बारांसच.

ऑट्सीगो, टायोगा व क्लिंटन या तीन काउंट्यांच्या पेट्यांवर आक्षेप निघाला. (तिसरीचें नांव उमेदवारावरूनच पडलेलें आहे, ही गंमत जातां जातां सांगतों.) टायोगाची पेटी घेऊन निघालेला मनुष्य वाटेंत आजारी पडला व त्यानें ती आपल्या कारकुनाच्या हवालीं केली. क्लिंटन काउंटीच्या पेटीवाहकाजवळ शेरीफाची लेखी मुखत्यारी नव्हती. खरा वाद ऑट्सीगोचा. तेथील शेरीफ रिचर्ड स्मिथ याच्या सनदेची मुदत फेब्रुवारींत संपली. नव्या शेरीफाची नेमणूक मार्चअखेर झाली, पण सनद त्याच्या हातीं पडली मे महिन्यांत. तत्पूर्वींच स्मिथ यानें पेटी रवाना केली होती. पेटींत काय आहे याहून ती कोणाच्या हातून आली यावरच सारा खल झाला. सेनेटर रूफस किंग व अॅरन बर यांचा सल्ला घेतला गेला. किंग यांनीं मतें मोजावीं असें म्हटलें, बर यांनीं मोजूं नयेत असें. मतगणकांनीं सात विरुद्ध चार मतांनीं तिन्ही काउंट्या वगळल्या, जून महिन्यांत क्लिंटन यांस निवडून आलेले ठरविलें, आणि मतपत्रिका जाळून टाकण्यांत आल्या.

येथें दोन्ही पक्षांच्या कैवाऱ्यांची चूक होते. ऑट्सीगोंत जे यांचें मताधिक्य चारशेंच्या घरांत होतें, असें जे-पक्षीय सांगत. ऑट्सीगोंतील विल्यम कूपर या धनाढ्य जमीनमालकाचा जे यांस पाठिंबा होता, त्यामुळें हें संभवनीय आहे. पण न उघडलेल्या पेटीची ही मोजणी आहे, तिला पुराव्याची किंमत देतां येत नाहीं. शिवाय कूपर यांनीं मतदारांवर दडपण आणल्याचा आरोप होता तो वेगळाच. उलट पक्षीं, १७९३ सालीं असेंब्लीनें मतगणकांची पाठराखण केली म्हणून त्यांचा निर्णय निर्दोष ठरत नाहीं. शेरीफ नेमण्याचा अधिकार ज्या नियुक्तिमंडळाकडे होता, त्याचा अध्यक्ष खुद्द गव्हर्नर. सनद पोंचण्यास झालेल्या विलंबाचा लाभ त्यालाच मिळावा, हें मला न्यायाचें वाटत नाहीं. यांत क्लिंटन यांचा हेतु होता असें मात्र मी म्हणत नाहीं. तसा कागद माझ्या पाहण्यांत नाहीं. स्मिथ यानें मध्यंतरीं नगर-पर्यवेक्षकाचें दुसरें पद पतकरलें होतें, हा बर यांच्या बाजूचा मुद्दाहि हलका नाहीं. पुढें १७९५ सालीं जे इंग्लंडांत वकिलातीवर असतांनाच गव्हर्नर निवडले गेले, पण त्यावरून १७९२ चा हिशेब मागें जाऊन दुरुस्त करतां येत नाहीं.

१७८७ ते १८२५ या काळांतील अमेरिकन निवडणुकींचे आंकडे जुनीं वर्तमानपत्रें व हस्तलिखितें धुंडाळून फिलिप लॅम्पी यांनीं अनेक दशकें जमविले. वूस्टर येथील अमेरिकन अँटिक्वेरियन सोसायटीच्या आश्रयानें तो संग्रह अभ्यासकांस उपलब्ध झाला. दप्तरांची धूळ खाल्लेल्यांसच या श्रमांचें मोल कळेल. अशा संग्रहांतून आंकडे उचलणारांस एवढेंच सुचवावयाचें, कीं रिकामें घर आणि शून्य हीं एक नव्हेत. १७९२ च्या ओळींत या तीन काउंट्यांसमोर ‘पेटी आली, उघडली नाहीं’ असा शेरा घालावा, आणि १०८ च्या आंकड्यास ‘मोजलेल्या मतांपुरतें’ हे शब्द जोडावे.