‘तो’च्या आड दडलेला ‘मी’ : टेड बंडीच्या तुरुंगातील ध्वनिफिती आणि चरित्रकथनाचा प्रश्न

प्रस्तावना

गुन्हेगाराने तुरुंगात सांगितलेली जीवनकथा हा जुना कथनप्रकार आहे. फाशीची वाट पाहणाऱ्या कैद्याचा कबुलीजबाब, धर्मगुरूने टिपून ठेवलेले त्याचे अखेरचे बोल, पत्रकाराने घेतलेली मुलाखत अशा विविध रूपांत तो आढळतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात टेपरेकॉर्डर सहज उपलब्ध झाला आणि या प्रकाराला नवे परिमाण प्राप्त झाले. लिहून घेतलेल्या जबानीत लेखनिकाचा हात असतोच. ध्वनिफितीत मात्र बोलणाऱ्याचा श्वास, त्याचे थबकणे, त्याचे हसणे हे सारे जसेच्या तसे उरते. त्यामुळे ध्वनिफीत म्हणजे साक्षात सत्य, असा एक समज रूढ झाला आहे. अमेरिकेतील सीरियल किलर टेड बंडी याच्या तुरुंगातील ध्वनिमुद्रित मुलाखती आणि त्यांवर आधारलेली ‘कॉन्व्हर्सेशन्स विथ अ किलर : द टेड बंडी टेप्स’ ही जो बर्लिंजर दिग्दर्शित चार भागांची माहितीपटमालिका (२०१९) यांच्या आधारे हा समज तपासून पाहणे, हे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन आहे. आवाज खरा असणे आणि कथन खरे असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. बंडीच्या बाबतीत त्यांतील अंतर एका सर्वनामाएवढे आहे, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

ध्वनिफितींची पार्श्वभूमी

थिओडोर रॉबर्ट बंडी याचा जन्म २४ नोव्हेंबर १९४६ रोजी व्हरमाँट राज्यातील बर्लिंग्टन येथे अविवाहित मातांसाठीच्या एका प्रसूतिगृहात झाला. त्याचे बालपण प्रामुख्याने वॉशिंग्टन राज्यातील टॅकोमा येथे गेले. १९७२ मध्ये त्याने वॉशिंग्टन विद्यापीठातून मानसशास्त्राची पदवी घेतली व पुढे कायद्याच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला. १९७४ ते १९७८ या काळात वॉशिंग्टन, यूटा, कोलोरॅडो, फ्लोरिडा इत्यादी राज्यांत त्याने तरुण स्त्रियांच्या व मुलींच्या हत्या केल्या. १९७७ मध्ये तो कोलोरॅडोतील कोठडीतून दोनदा निसटला. १५ जानेवारी १९७८ रोजी टॅलाहासी येथील विद्यार्थिनींच्या निवासात त्याने दोघींचे प्राण घेतले आणि पुढील महिन्यात लेक सिटी येथील एका बारा वर्षांच्या मुलीची हत्या केली. १९७९ मध्ये मायामी येथे चाललेला त्याचा खटला दूरचित्रवाणीवरून दाखवला गेला. या खटल्यात व १९८० मधील ऑरलँडो येथील दुसऱ्या खटल्यात त्याला मृत्युदंड झाला.

याच १९८० साली स्टीफन मिशो आणि ह्यू ऐन्सवर्थ या दोन पत्रकारांनी फ्लोरिडा राज्य तुरुंगात त्याच्या मुलाखती घेतल्या. शंभर तासांहून अधिक काळाचे हे ध्वनिमुद्रण आहे. त्यातून ‘द ओन्ली लिव्हिंग विटनेस’ (१९८३) व ‘टेड बंडी : कॉन्व्हर्सेशन्स विथ अ किलर’ (१९८९) ही दोन पुस्तके सिद्ध झाली. ही मुलाखत एका सौद्यातून जन्माला आली होती, ही गोष्ट येथे महत्त्वाची आहे. बंडी आपली जीवनकथा सांगणार होता. मोबदल्यात या पत्रकारांनी त्याच्यावरील आरोपांचा नव्याने शोध घ्यावयाचा होता. मिशो तुरुंगात मुलाखती घेत होते आणि ऐन्सवर्थ बाहेर शोध घेत होते. त्या शोधात बंडीला निर्दोष ठरवणारे काहीही हाती आले नाही. तुरुंगातील मुलाखतही अडून राहिली. बालपण, शिक्षण, राजकीय पक्षासाठी केलेले काम यांविषयी बंडी भरभरून बोले. हत्यांचा विषय निघाला की तो त्याला बगल देई.

तृतीयपुरुषाची युक्ती

ही कोंडी मिशो यांनी एका क्लृप्तीने फोडली. बंडी हा मानसशास्त्राचा पदवीधर होता. तेव्हा अशी कृत्ये करणारा मनुष्य कसा असेल, तो कसा विचार करत असेल, याविषयी त्याने एक जाणकार म्हणून तर्क करावा, असे मिशो यांनी सुचवले. बंडीने टेपरेकॉर्डर स्वतःजवळ ओढून घेतला आणि तो बोलू लागला. येथपासून या ध्वनिफितींचा नायक ‘मी’ राहत नाही, ‘तो’ होतो. या ‘तो’च्या मनात विकृत कल्पना कशा रुजल्या, त्या हळूहळू कशा बळावल्या, मद्याने संकोच कसा सैल केला, एका कृत्यानंतर भीती आणि काही काळाने पुन्हा तीच ओढ कशी निर्माण झाली, याचे विवेचन बंडी संथ, विचारपूर्वक स्वरात करतो.

मुलाखततंत्राच्या दृष्टीने ही क्लृप्ती यशस्वी ठरली, यात शंका नाही. परंतु तिने बंडीला काय दिले, हा प्रश्न समीक्षेने विचारला पाहिजे. आरोपीच्या पिंजऱ्यात उभा असलेला मनुष्य या क्षणी तज्ज्ञाच्या खुर्चीत जाऊन बसतो. शास्त्रीय लेखनात तृतीयपुरुष हा तटस्थतेचा संकेत मानला जातो. अभ्यासक स्वतःला मागे ठेवतो, कारण विषय पुढे यावा अशी त्याची इच्छा असते. बंडीने हाच संकेत उसना घेतला, मात्र विषय म्हणजे तो स्वतः होता. पाठ्यपुस्तकातील ‘प्रेरणा’, ‘ताण’, ‘व्यक्तिमत्त्वातील बिघाड’ यांसारख्या अमूर्त नामांनी त्याचे बोलणे भरलेले आहे. अमूर्त नामाला हात नसतात. ‘आवेग वाढत गेला’ असे म्हटले की कृत्य आवेगाने केलेले ठरते. ते करणारा मनुष्य वाक्यातून बाहेर पडतो.

मराठी व्याकरणाच्या परिभाषेत हा मुद्दा अधिक स्पष्ट करता येईल. ‘मी तिला मारले’ आणि ‘त्याने तिला मारले’ ही दोन वाक्ये पाहावीत. दोन्ही भावे प्रयोगातील आहेत. क्रियापद कर्त्याच्याही मागे जात नाही आणि कर्माच्याही. दोन्ही वाक्यांत ते ‘मारले’ असेच राहते. अशा वाक्यात जबाबदारीचा संपूर्ण भार सर्वनामावर येऊन पडतो. ते सर्वनाम बदलले की कृत्य तसेच राहते, फक्त त्याचा धनी बदलतो. बंडीने या ध्वनिफितींत जे केले ते एवढेच. ध्वनिफितीतील त्याचा आवाज अस्सल आहे, परंतु त्या आवाजाने उच्चारलेला कर्ता बनावट आहे.

या संदर्भात मराठी वाचकाला एका वेगळ्या कथनाची आठवण होणे स्वाभाविक आहे. १९७६-७७ मध्ये पुण्यात झालेल्या जोशी-अभ्यंकर हत्याकांडातील दहा खुनांनी अवघा महाराष्ट्र हादरला होता. या प्रकरणात फाशी झालेल्या चौघांपैकी मुनव्वर शाह याने तुरुंगात आत्मकथन लिहिले. त्याचे शीर्षकच ‘येस, आय अ‍ॅम गिल्टी’ असे आहे. २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवडा कारागृहात या चौघांना फाशी देण्यात आली. बंडीच्या ध्वनिफिती आणि हे आत्मकथन यांची परिस्थिती, भाषा व माध्यम भिन्न आहेत. त्यामुळे त्यांची सरसकट तुलना करणे योग्य होणार नाही. तथापि एक भेद नजरेआड करता येत नाही. एका शीर्षकात कर्ता पहिल्या पुरुषात स्वतःला दोषी म्हणवून घेतो. दुसरीकडे कर्ता शंभर तास बोलूनही स्वतःचा उच्चार टाळतो. अर्थात ‘मी’ म्हटल्याने कथन आपोआप सत्य ठरत नाही. पश्चात्तापाचीही एक शैली असू शकते. परंतु ‘मी’ म्हणणाऱ्याला जाब विचारता येतो. ‘तो’ म्हणणाऱ्याला विचारलेला प्रत्येक प्रश्न तर्काच्या प्रदेशात विरून जातो.

मन सांगितले, जागा सांगितली नाही

तृतीयपुरुषी कथनाने ज्ञानात भर पडली, असा युक्तिवाद केला जाऊ शकतो. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून अमेरिकेच्या केंद्रीय तपास यंत्रणेतील अधिकाऱ्यांनी तुरुंगातील ३६ खुन्यांच्या मुलाखती घेऊन गुन्हेगारी वर्तनाचे वर्गीकरण करण्याचा प्रयत्न केला. अशा मुलाखतींचे काही उपयोजित मूल्य आहे, हे मान्य करावे लागेल. बंडीच्या ध्वनिफितीही त्या दृष्टीने अभ्यासल्या गेल्या.

मात्र या ध्वनिफितींत काय आहे याबरोबरच काय नाही, हेही पाहणे आवश्यक आहे. त्यांत ‘तो’च्या मनाचे बारकावे विपुल आहेत, पण पडताळून पाहता येईल असा निर्णायक तपशील बंडी कटाक्षाने टाळतो. नाहीशा झालेल्या मुलीचा मृतदेह कोठे आहे, हे ‘तर्क’ करणाऱ्याला ठाऊक असण्याचे कारण नाही. मिशो यांच्या युक्तीतच ही पळवाट होती. आणि नेमका तोच तपशील पीडितांच्या कुटुंबीयांना हवा होता. त्यांना खुन्याच्या मनाची घडण नको होती; आपली मुलगी कोठे आहे, एवढेच त्यांना जाणून घ्यावयाचे होते.

हा ‘तो’ अखेरीस गळून पडला तो जानेवारी १९८९ मध्ये. मृत्युदंडाची तारीख निश्चित झाल्यावर बंडीने विविध राज्यांतील तपास अधिकाऱ्यांपुढे तीस हत्यांची कबुली दिली. आता त्याच्या बोलण्यात ‘मी’ आला, ठिकाणे आली. परंतु हा ‘मी’ही निर्हेतुक नव्हता. माहितीच्या बदल्यात शिक्षा लांबणीवर पडावी, असा प्रयत्न त्यामागे होता. तो सफल झाला नाही आणि २४ जानेवारी १९८९ रोजी त्याला विद्युत खुर्चीत मृत्युदंड देण्यात आला. आदल्या दिवशी धर्मोपदेशपर कार्यक्रमांसाठी प्रसिद्ध असलेल्या जेम्स डॉब्सन यांना दिलेल्या मुलाखतीत त्याने अश्लील साहित्यावर बोट ठेवले. म्हणजे ‘मी’ उच्चारल्यावरही कारणाचा कर्ता बाहेरच शोधण्यात आला.

तरीही १९८० चे शंभर तास आणि १९८९ चे ते मोजके दिवस यांच्यातील फरक एका उदाहरणावरून कळून येतो. १९७४ मध्ये यूटामध्ये सतरा वर्षांची एक मुलगी नाहीशी झाली होती. बंडीने अखेरच्या दिवसांत सांगितलेल्या जागी एक हाड सापडले आणि २०१५ मध्ये डीएनए चाचणीने ते त्या मुलीचे असल्याचे सिद्ध झाले. एक्केचाळीस वर्षांनी तिच्या घरच्यांना मिळालेले हे उत्तर कोणत्याही मनोविश्लेषणातून आलेले नव्हते. ते एका पत्त्यातून आले होते. काही जणींचे अवशेष आजही सापडलेले नाहीत.

माहितीपटाची रचना

२०१९ मधील माहितीपटमालिका बंडीच्या मृत्युदंडाला तीस वर्षे पूर्ण झाली त्याच दिवशी, २४ जानेवारीला, नेटफ्लिक्सवर प्रदर्शित झाली. बर्लिंजर हे गुन्हेगारी व न्यायव्यवस्था यांवरील माहितीपटांसाठी नावाजलेले दिग्दर्शक आहेत आणि त्यांचे हेतू सवंग आहेत असे म्हणता येणार नाही. ध्वनिफितींतील दाव्यांना छेद देणारे पुरावे ते अनेक ठिकाणी मांडतात. बंडी आपले बालपण निर्मळ व आनंदी असल्याचे सांगतो. लगेच बालपणीची एक मैत्रीण तो इतर मुलांत मिसळू शकत नसे, असे सांगते. त्याच्या तावडीतून निसटलेली व न्यायालयात त्याच्याविरुद्ध साक्ष देणारी स्त्री, तसेच तपासात सहभागी असलेली महिला अधिकारी यांची निवेदने मालिकेला बळ देतात.

असे असूनही मालिकेची चौकट बंडीच्या हाती राहते. चारही भागांची शीर्षके, ‘हँडसम डेव्हिल’ पासून ‘बर्न बंडी बर्न’ पर्यंत, त्याच्या भोवती फिरतात. कथनाचा क्रम त्याच्या चरित्राचा आहे : बालपण, महत्त्वाकांक्षा, प्रेमभंग, पलायन, खटला, अंत. या क्रमात मृत स्त्रिया त्याच्या आयुष्यातील घटना म्हणून येतात. त्यांना स्वतःचे बालपण किंवा महत्त्वाकांक्षा नसते. पडद्यावर फिरणारी फीत आणि तिच्यातून येणारा तो संथ आवाज निवेदकाचे स्थान घेतो. इतर सारे त्यावर भाष्य करणारे ठरतात. मालिकेच्या प्रदर्शनानंतर समाजमाध्यमांवर बंडीच्या देखणेपणाची इतकी चर्चा झाली की खुद्द नेटफ्लिक्सला प्रेक्षकांचे कान टोचावे लागले. हा दोष केवळ प्रेक्षकांचा मानता येत नाही. रचनेने ज्याला नायकाचे स्थान दिले, त्याच्याकडे नायक म्हणून पाहिले गेले.

असे होणे १९७९ मध्येही घडले होते. मायामी येथे मृत्युदंड सुनावताना न्यायाधीश एडवर्ड कॉवर्ट यांनी कृत्यांचा कठोर शब्दांत धिक्कार केला. मात्र त्याच वेळी या तरुणाला चांगला वकील होता आले असते, अशी हळहळही व्यक्त केली. वाया गेले ते आयुष्य कोणाचे, या प्रश्नाचे उत्तर त्या क्षणी न्यायासनावरूनही चुकले. मृत विद्यार्थिनींच्या वाया गेलेल्या भवितव्याविषयी अशी आत्मीयता त्या उद्गारांत नव्हती.

वेगळी रचना अशक्य नाही, हे ट्रिश वुड दिग्दर्शित ‘टेड बंडी : फॉलिंग फॉर अ किलर’ (२०२०) या मालिकेने दाखवून दिले. तेथे बंडीची पूर्वीची प्रेयसी, तिची मुलगी, वाचलेल्या स्त्रिया व मृतांचे आप्त यांच्या निवेदनांतून कथन उभे राहते. घटना त्याच आहेत, पण निवेदनाचा अधिकार बदललेला आहे. शीर्षकात मात्र याही वेळी त्याचेच नाव आहे.

निष्कर्ष

तुरुंगातील ध्वनिमुद्रित मुलाखत ही आवाजाची साक्ष असते, सत्याची असेलच असे नाही. बंडीच्या ध्वनिफितींत तृतीयपुरुष हे कथनतंत्र नसून बचावतंत्र आहे. त्याने श्रोत्यांना खुन्याचे मन उलगडल्याचे समाधान दिले आणि ज्यांना खरी माहिती हवी होती त्यांना नऊ वर्षे रिकाम्या हाताने ठेवले. अशा संहितांचा अभ्यास करू नये, असे येथे सुचवावयाचे नाही. माध्यमांचे, मानसशास्त्राचे व साहित्याचे विद्यार्थी त्या पाहणार आणि ऐकणारच. त्यांना ऐकण्याची रीत शिकवणे हे अध्यापकाचे काम आहे. प्रत्येक वाक्याचा कर्ता कोण, तो कोणाच्या वतीने बोलतो आहे आणि या बोलण्याने कोणाच्या पदरात काय पडले, हे तीन प्रश्न फीत सुरू होण्यापूर्वी वर्गात विचारले गेले पाहिजेत. ते विचारले नाहीत, तर बंडीने जवळ ओढून घेतलेला तो टेपरेकॉर्डर अद्याप त्याच्याच हातात आहे, असे म्हणावे लागेल.