खोडलेली ओळ : आपल्या यात्रावाङ्मयाविषयी

जपानमध्ये क्योटो आणि ओसाका या नगरांच्या दक्षिणेस किई नावाचे डोंगराळ द्वीपकल्प आहे. तेथील उंच वृक्षांच्या दाट रानातून कुमानो या तीर्थक्षेत्राकडे जाणाऱ्या काही प्राचीन पायवाटा आहेत. होंगू, हायातामा आणि नाची ही कुमानोची तीन मुख्य देवस्थाने. शिंतो देवता आणि बौद्ध उपासना यांचा तेथे शतकानुशतके मेळ पडलेला आहे. निवृत्त सम्राट, सरदार, भिक्षू आणि पुढे सामान्य कुणबीही त्या वाटेने इतक्या संख्येने चालत की, माणसांच्या लांबच लांब रांगेला कुमानोच्या यात्रेला निघालेल्या मुंग्यांची उपमा देण्याचा वाक्प्रचार जपानी भाषेत रूढ झाला. २००४ साली युनेस्कोने या वाटांचा जागतिक वारशात समावेश केला, आणि आज देशोदेशीची माणसे चार-पाच दिवस पाठीवर पडशी घेऊन ती वाट चालतात.

आमच्या धर्मग्रामातील एक तरुण मालवाहू जहाजावर नोकरीस आहे. जहाज जपानच्या गोदीत दुरुस्तीसाठी थांबले असता मिळालेल्या चार दिवसांत तो या वाटेचा काही भाग चालून आला. सुटीत घरी आल्यावर त्याने आम्हांस छायाचित्रे दाखविली, त्या वाटेवर लिहिलेल्या पुस्तकांची नावे सांगितली, आणि सहज विचारावे तसे विचारले, “फादर, आपली माणसां ओल्ड गोव्याक चलत जातत, तेचां पुस्तक खंय आसा?”

या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. प्रस्तुत लेख म्हणजे त्या उत्तराचा शोध आहे, आणि त्या शोधात आमचीच एक चूक आम्हांस सापडली, तीही येथे सांगावयाची आहे.

प्रथम आपली वाट. दरवर्षी नोव्हेंबरच्या २४ तारखेस जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर यांचा नोव्हेना सुरू होतो आणि ३ डिसेंबरला फेस्त साजरे होते. त्या दिवसांत सावंतवाडी, वेंगुर्ला, बेळगाव, कारवार अशा ठिकाणांहून भाविक पायी बॉम जेझूच्या बासिलिकेकडे निघतात. आपल्या किनाऱ्यावरून निघणाऱ्यांस मालवण, चौके, धामापूर, नेरूरपार, कुडाळ, सावंतवाडी, बांदा, पत्रादेवी, म्हापसा, पणजी असे शंभराहून अधिक किलोमीटर चालावे लागते. भातकापणी आटोपलेली असते, पहाटे दव पडते, महामार्गावरून ट्रक अंगावर आल्यासारखे जातात. पणजी सोडल्यावर सतराव्या शतकात पोर्तुगीजांनी बांधलेला रायबंदरचा लांबलचक बांध लागतो. एका बाजूस मिठागरे, दुसऱ्या बाजूस मांडवी. तो ओलांडताना पायांना फोड आलेली माणसेही गाऊ लागतात. ‘गोंयचो सायब’ म्हणून संताला मानणारे हिंदू बांधवही या वाटेवर भेटतात. अशी ही यात्रा आहे. तिचे वाङ्मय कोणते?

आमच्यासमोर धर्मग्रामांच्या स्मरणिकांचा आणि आपल्या नियतकालिकांच्या जुन्या अंकांचा गठ्ठा आहे. त्यांतील यात्रावर्णने आम्ही पुन्हा एकवार वाचून काढली. बहुतेकांचा साचा एकच आहे. पहाटे चार वाजता मिस्सा होऊन यात्रेकरू निघाले, अमुक ठिकाणी चहापान झाले, अमुक कुटुंबाने जेवणाची उत्तम व्यवस्था केली, सर्वांनी भक्तिभावाने पवित्र माळ म्हटली, संताच्या चरणी नतमस्तक होऊन सर्वजण धन्य झाले, शेवटी आभार. यांत असत्य काही नाही, पण वाचून पाय दुखत नाहीत. कोणी थकले, रुसले, मागे राहिले, कोणाला मध्येच घरी परतावेसे वाटले, असे एकही वाक्य नाही. शंभर किलोमीटर चालणाऱ्या चाळीस माणसांत एकदाही कुरबूर होत नाही, यावर कोण विश्वास ठेवील? वर्णनातील माणसे चालत नाहीत, ती केवळ पोहोचतात.

याउलट कुमानोच्या वाटेचे प्रसिद्ध जुने वर्णन पाहावे. १२०१ साली निवृत्त सम्राट गो-तोबा कुमानोच्या यात्रेस निघाले. त्यांच्या लवाजम्यात फुजिवारा नो तेइका हे त्या काळचे श्रेष्ठ कवी होते, आणि त्यांनी त्या यात्रेची दैनंदिनी लिहून ठेवली. ती दरबाराची स्तुती करण्यासाठी लिहिलेली नाही. पाऊस, थंडी, अपुरी निवासस्थाने, शरीराची दुर्बलता यांच्या तक्रारी तीत जागोजाग आहेत. आठशे वर्षांनंतरही ती वाचली जाते, याचे कारण या तक्रारींत आहे असे आम्हांस वाटते. थकलेल्या माणसाने देवस्थानासमोर वाकविलेली मान वाचकाला खरी वाटते, कारण तिच्यामागचे अंतर त्याने मोजलेले असते.

दूर जपानला जाण्याचेही कारण नाही. आपल्या मराठीतच पंढरीच्या वारीवर दोन अव्वल दर्जाच्या कृती आहेत. पहिली, मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांचा ‘वाटचाल’ हा लेख. १९६२ साली त्याचे इंग्रजी भाषांतर अमेरिकेतील विद्वानांच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि वारीचा अभ्यास करणारे परदेशी अभ्यासक आजही त्याचा आधार घेतात. इरावतीबाई दिंडीबरोबर चालल्या, अभंगांत रमल्या, सोबतच्या स्त्रियांवर त्यांनी जीव लावला. तरीही एक गोष्ट त्यांच्या नजरेतून सुटली नाही. एकत्र चालणारे आणि एकच नाम गाणारे ब्राह्मण व मराठे जेवणाच्या वेळी वेगवेगळे होत होते. बाईंनी हे लपविले नाही. त्याचे दुःख झाल्याचे मोकळेपणाने लिहिले. ते दुःख लेखातून काढून टाका, आणि उरलेला आनंदही फिका पडेल.

याच लेखात पंढरीस जाणाऱ्या लोकांवरून महाराष्ट्राची ओळख ठरविणारा त्यांचा प्रसिद्ध विचार आहे. त्याविषयी मात्र आमचे म्हणणे वेगळे आहे. वर्षातून एकदा दक्षिणेकडे तोंड करून, मालवणी बोलत, संताच्या समाधीकडे चालणारा आमचा रापणकर या व्याख्येत कोठे बसतो? बाईंना हा प्रश्न पडला नाही, कारण आम्ही त्यांना दिसलोच नाही. आणि आम्ही दिसलो नाही, कारण आम्ही स्वतःविषयी लिहिले नाही. दोष एकट्या त्यांचा नाही.

दुसरी कृती दि. बा. मोकाशी यांची ‘पालखी’. १९६४ साली प्रसिद्ध झालेले हे पुस्तक १९८७ साली इंग्रजीतही गेले. आळंदीहून ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीबरोबर पंढरपूरपर्यंत मोकाशी चालले; पण वारकरी म्हणून नव्हे, तर विचार करणारा, शंका घेणारा एक मराठी लेखक म्हणून. ते माणसांना प्रश्न विचारतात, खर्चाची आणि व्यवस्थेची चौकशी करतात, स्वतःच्या मनातली श्रद्धा तपासून पाहतात आणि ती किती आहे याचा फाजील दावा करीत नाहीत. पुस्तकाची मर्यादाही हीच की, प्रश्न विचारणारा नेहमी लेखक असतो आणि उत्तरे देणारा वारकरी. वारकरी स्वतःहून काय लिहिता झाला असता, हे आपणांस कळत नाही. याच सुमारास, १९६० साली, येशूसंघीय फादर देल्युरी यांनी विठ्ठलभक्तीवर पुण्याच्या डेक्कन कॉलेजातर्फे इंग्रजीत ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्यात पालखीची व दिंड्यांची बारकाईने माहिती दिली. एका कॅथलिक धर्मगुरूने पंढरीची वाट अभ्यासावी, आणि आपण कॅथलिकांनी आपली वाट कोरी ठेवावी, हे आम्हांस बोचते.

कोणी म्हणेल, भाविकाने तक्रार कशाला लिहावी? तिने संताचा अवमान होत नाही काय? याचे उत्तर खुद्द संतानेच दिलेले आहे. फ्रान्सिस झेवियर १५ ऑगस्ट १५४९ रोजी जपानमध्ये कागोशिमा येथे उतरले. कुमानोची वाट त्यांच्या पायाखाली आली नाही. परंतु त्याच देशात १५५०–५१ च्या हिवाळ्यात राजाची भेट घ्यावी म्हणून ते राजधानी मियाको, म्हणजे आजचे क्योटो, येथे गेले. त्या प्रवासाचे वृत्त त्यांनी जानेवारी १५५२ मध्ये कोचीनहून आपल्या बांधवांस पत्राने कळविले. कडाक्याची थंडी, वाटेवरील चोरांचे भय, लोकांनी केलेली टवाळी, युद्धाने उद्ध्वस्त झालेले नगर, आणि काही दिवसांतच भेटीची आशा सोडून परत फिरणे, हे सारे त्यांनी सांगितले आहे. आपली फसलेली यात्रा संताने झाकली नाही. त्याच्याकडे चालत जाणारे आपण मात्र पायाचा फोडही झाकतो.

शुभवर्तमानही हेच शिकविते. लूककृत शुभवर्तमानात एम्माऊसच्या वाटेवरचे दोन शिष्य आधी आपली निराशा बोलून दाखवितात. ज्याच्यावर आशा ठेवली तो गेला, असे ते त्या अनोळखी वाटसरूला सांगतात. शुभवर्तमानकाराने ती निराशा खोडली असती, तर भाकर मोडताना उघडलेल्या डोळ्यांचे मोल आपणांस कसे कळले असते?

आता आमची चूक. २२ नोव्हेंबर २०१४ ते ४ जानेवारी २०१५ या काळात संताच्या पवित्र अवशेषांचे दशवार्षिक प्रदर्शन झाले. त्या वर्षी आमचा एक गट पायी गेला. परतल्यावर रापणीवरच्या घरातील एका बाईने शंभर पानी वहीत यात्रेची हकीकत लिहून स्मरणिकेसाठी आमच्याकडे आणून दिली. शिक्षण सातवीपर्यंतचे, अक्षर मोठे, शुद्धलेखन कच्चे; पण तिच्या पानांवर वाटेची धूळ होती. दुसऱ्या मुक्कामाविषयी तिने लिहिले होते की, गावातल्या मोठ्या घरांच्या बायकांनी पडवीत अंथरुणे घातली आणि रापणीवरच्या बायका अंगणात दवात निजल्या. कोणी कोणाला तसे सांगितले नव्हते. जिने तिने आपली जागा ओळखली होती. त्या रात्रीची माळ आपण रागाने म्हटली, असेही तिने लिहिले होते. दुसऱ्या दिवशी बांदा सोडल्यावर पडवीत निजलेल्या एका वृद्ध बाईचा पाय सुजला, आणि ती हिच्या खांद्यावर हात टाकून पत्रादेवीपर्यंत चालली. दोघींपैकी एकही रात्रीबद्दल बोलली नाही.

आम्ही लाल पेन्सिल घेऊन पडवी, अंगण आणि राग खोडला. खांदा तेवढा ठेवला. वर ‘दोघी सख्ख्या बहिणींप्रमाणे चालल्या’ असे आमच्या पदरचे वाक्य घातले. धर्मग्रामाचे नाव चारचौघांत वाईट दिसू नये, हा आमचा हेतू होता. त्या यात्रेत आम्ही स्वतः सामानाच्या टेम्पोत बसून पुढे गेलो होतो, हेही सांगितले पाहिजे. न चाललेल्या माणसाने चाललेल्या बाईची ओळ खोडली.

त्या वेळी हे संपादन आम्हांस चोख वाटले होते. ‘वाटचाल’ पुन्हा वाचताना, जेवणाच्या वेगळ्या पंगतींपाशी आलो, तेव्हा आपण काय केले ते ध्यानी आले. अंगणातली रात्र काढून टाकल्यावर त्या खांद्याला काही अर्थच उरला नव्हता. रागावलेल्या बाईने आपला खांदा दिला, यात ख्रिस्ताची शिकवण जिवंत होती. सख्ख्या बहिणींच्या वाक्यात ती नाही. शिवाय धर्मग्रामाला स्वतःचे तोंड पाहण्याची जी संधी मिळाली होती, तीही आम्ही घालविली. मागील प्रदर्शन २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात झाले. त्या वेळच्या आमच्या स्मरणिकेत पायी गेलेल्यांचा मजकूर नऊ ओळींचा आहे, आणि त्यांतल्या चार ओळी आभाराच्या आहेत. पडवी आणि अंगण कायम होते की नाही, हे तीवरून कळत नाही.

तेव्हा यात्रावर्णनाची आमची कसोटी आता सोपी आहे. लेखक कोठे थकला, कोणावर चिडला, कोणी त्याला पाणी दिले आणि तो कोणाला पाणी द्यावयास विसरला, हे त्यात असावे. भक्ती त्यातूनच आपोआप दिसेल. तिची ग्वाही वेगळी द्यावी लागणार नाही. नावे सांगून कोणाची निंदा करू नये, ही मर्यादा आम्हांस मान्य आहे. मात्र घडलेली गोष्ट गाळून शोभेचे वाक्य घालण्याचा अधिकार संपादकाला नाही, मग तो धर्मगुरू का असेना. आणि हे लेखन भाषाप्रभूंनीच करावे असेही नाही. मोकाशींच्या पुस्तकात जो वारकरी केवळ उत्तरे देतो, तो आपल्या धर्मग्रामांत वही घेऊन बसलेला आहे. त्याच्या मालवणीला हसू नये, एवढे पुरे.

हा लेख लिहिण्यापूर्वी आम्ही त्या बाईच्या घरी गेलो. ती माडाखाली जाळे विणीत बसली होती. आम्ही झाल्या गोष्टीची क्षमा मागितली आणि ती हकीकत पुन्हा, जशीच्या तशी, लिहून द्यावी असे म्हटले. तिने सुई खाली ठेवली नाही. म्हणाली, “फादर, तेवा तुमीच तां खोडलास, आणि आता तांच मागतास?” यावर आम्ही काय बोलणार? वही अजून आहे की नाही हे तिने सांगितले नाही, आणि आम्हीही विचारले नाही.

येत्या नोव्हेंबरात आमचा गट पुन्हा निघेल. या खेपेस आम्ही टेम्पोत बसणार नाही.