तीनशे पिल्लं, पण नमुना एकच

घरच्या काचेच्या टाकीत एंजलफिशची पैदास कशी करावी, हे सांगणाऱ्यांची कमी नाही. मत्स्यालयाची पुस्तकं, दुकानदार, हौशी पाळणारे, आणि आता एम.एस्सी.चे प्रकल्प अहवालसुद्धा. 'पेट'ची तयारी करणारे बरेच जण विचारतात, "कमी खर्चात होईल असा विषय सांगा." त्या यादीत हा मासा हमखास असतो. विषय चांगलाच आहे. पण या लिखाणात माहिती म्हणून जे दिलेलं असतं, त्यातलं पुरावा किती आणि अनुभव किती, हे न तपासता आपण सिनॉप्सिस लिहिला तर पुढची तीन-चार वर्षं वाया जाऊ शकतात. म्हणून आज या लिखाणाची जरा झडती घेऊ.

आधी जे पक्कं आहे ते. एंजलफिश, म्हणजे टेरोफायलम स्केलॅरे, हा ॲमेझॉन खोऱ्यातला सिक्लिड मासा. जोडी जमली की ती रुंद पान, पाटीचा दगड किंवा पीव्हीसी पाइप अशा उभ्या जागेवर अंडी चिकटवते. दोघंही पंखांनी पाणी हलवत अंड्यांची राखण करतात. 27-28 अंश सेल्सिअसला साधारण दोन-अडीच दिवसांत अंडी फुटतात. पुढचे काही दिवस पिल्लं चिकटूनच वळवळतात, आणि अंडी घातल्यापासून आठवडाभरात पोहायला लागतात. मग त्यांना जिवंत खाद्य लागतं, बहुतेक वेळा आर्टेमियाची नुकती फुटलेली पिल्लं. हे वर्णन कुठेही वाचलं तरी जवळपास सारखंच मिळेल, आणि ते विश्वासाचं आहे.

गडबड सुरू होते ती आकड्यांपासून. "80 टक्के पिल्लं जगली" असं वाक्य दिसलं की पहिला प्रश्न विचारा: कशाचे 80 टक्के? समजा 300 अंडी घातली. 24 तासांनी 240 जिवंत, बाकीची पांढरी पडली. फुटली 200. पोहायला लागली 150. महिन्याने उरली 120. आता हेच 120 पोहणाऱ्या पिल्लांच्या हिशेबात 80 टक्के होतात, फुटलेल्यांच्या हिशेबात 60, जिवंत अंड्यांच्या हिशेबात 50 आणि घातलेल्या अंड्यांच्या हिशेबात फक्त 40. चारही आकडे खरे. पण एका अहवालातले 80 आणि दुसऱ्यातले 40 शेजारी ठेवून "पहिली पद्धत दुप्पट चांगली" म्हणणं म्हणजे शुद्ध फसगत. छेद लिहिलेला नसेल तर तो आकडा आपल्या साहित्य-आढाव्यात घेऊच नये.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. आपल्या भागातलंच उदाहरण घेऊ. रेणापूर, लातूर हा सगळा काळ्या पाषाणाचा पट्टा, बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड. त्यामुळे "जड पाण्यात अंडी नीट फुटत नाहीत, आरओचं पाणी मिसळा" हा सल्ला इथे लगेच पटतो. समजा एका विद्यार्थ्याने एक टाकी बोअरच्या पाण्याची केली, दुसरी निम्म्या आरओची. प्रत्येकीत 150 अंडी. दुसरीत जास्त फुटली. त्याने 150 विरुद्ध 150 अशी सांख्यिकी चाचणी लावली, फरक 'सार्थ' निघाला, प्रबंधाचं प्रकरण तयार.

हे चुकीचं का? शेतातलं बघा. एका वावरात खत टाकलं, दुसऱ्यात नाही. दोन्हीकडे सोयाबीनची हजार हजार झाडं. खत न टाकलेलं वावर चिबड असेल तर? हजार झाडं मोजली तरी तुलना दोन वावरांचीच झाली, खताची नाही. टाकीचंही तसंच. एक टाकी खिडकीजवळ असेल, एकीचा एअर पंप कमजोर असेल, एकीत बुरशी आधी शिरली असेल. टाकीतल्या सगळ्या अंड्यांना ते एकत्रच भोगावं लागतं. म्हणून इथे नमुना 150 नाही, एक आहे. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी 1984 साली परिसंस्थाशास्त्रातल्या प्रयोगांची छाननी करून या चुकीला 'स्यूडोरेप्लिकेशन' म्हटलं, म्हणजे पुनरावृत्तीचा नुसता आभास. मुलाखतीत हा शब्द कामाला येईल, पण त्याआधी स्वतःच्या आराखड्यात कामाला यावा.

तिसरा दावा सगळ्यात लोकप्रिय: "पिढ्यान्पिढ्या अंडी काढून घेतल्यामुळे बाजारातल्या एंजलफिशमध्ये पालकवृत्तीच उरली नाही, म्हणून ते अंडी खातात." ऐकायला पटतं. शक्यही आहे. पण नवीन जोडीही पहिल्या काही खेपांना अंडी खाते. माणसांची ये-जा, अचानक लागलेला दिवा, टाकीतले इतर मासे, यानेही खाते. वंशातून वृत्ती गेली की परिस्थितीने बिघडली, हे ठरवायचं तर दोन्ही प्रकारे वाढलेल्या वंशांच्या जोड्या एकाच वयाच्या, सारख्या टाक्यांत, अनेक खेपा पाहाव्या लागतील. 'पालकांनी वाढवलेली विरुद्ध कृत्रिम' या तुलनेतही तोच गोंधळ. कृत्रिम पद्धतीत पालक काढतात, मिथिलीन ब्लू घालतात आणि हवाही वाढवतात. तीन गोष्टी एकदम बदलल्या, मग श्रेय कोणाला द्यायचं?

म्हणजे घरच्या टाकीत संशोधन होत नाही का? होतं, आणि चांगलं होतं. पाइपभोवती पातळ प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळा. जोडीने त्यावर अंडी घातली की लगेच पट्टीचे सहा तुकडे करून सहा सारख्या बरण्यांत ठेवा: तीन बोअरच्या पाण्याच्या, तीन मिश्र पाण्याच्या. कोणता तुकडा कुठे, हे चिठ्ठ्या टाकून ठरवा. बरण्यांची जागाही चिठ्ठीनेच. पहिल्या दिवशी मोबाइलवर फोटो काढून अंडी मोजा. मग हेच वेगवेगळ्या जोड्यांवर पुन्हा करा, कारण एका जोडीची अंडी फक्त त्या जोडीबद्दल बोलतात.

तरीही या प्रयोगाची मर्यादा ओळखा. फलन पालकांच्या टाकीतच झालेलं असतं. त्यामुळे इथून अंडी फुटण्याबद्दल बोलता येईल, जड पाण्याचा फलनावर काय परिणाम होतो याबद्दल नाही. शिवाय पालक बोअरच्या पाण्यात असतील तर एका गटाला पाणीबदल सोसावा लागतो, दुसऱ्याला नाही. हे दोन्ही मुद्दे परीक्षकाने काढण्याआधी आपणच लिहावेत.

पाळणाऱ्यांच्या अनुभवाला मी कमी लेखत नाही. पिल्लांचं पोट नारिंगी दिसलं की ती आर्टेमिया खातायत, हे त्यांचं निरीक्षण कोणत्याही यंत्राशिवाय नेमकं आहे. चांगली गृहीतकं अशाच माणसांकडून मिळतात. फक्त गृहीतक म्हणजे निष्कर्ष नव्हे. लातूर जिल्ह्यातल्या विद्यार्थ्यांना तर उदगीरचं मत्स्यविज्ञान महाविद्यालय एका दिवसात जाऊन येण्यासारखं आहे. तिथल्या जाणकारांशी आराखड्यावर बोलावं, पण टाकी मांडायच्या आधी. पिल्लं मोजून झाल्यावर आराखडा दुरुस्त होत नाही.

पुढचा अहवाल हातात घ्याल तेव्हा शेवटचा तक्ता नंतर वाचा. आधी पद्धतीच्या प्रकरणात दोन आकडे शोधा: टाक्या किती आणि जोड्या किती. तेच सापडले नाहीत, तर पिल्लं कितीही मोजलेली असली तरी पेन्सिलने समासात प्रश्नचिन्ह काढा.