परवानगी कशाची आणि कोणाला?

विजेरीचे काम उजेड पाडणे. ती कोठे पेटवली याची नोंद ठेवण्याचे तिला काहीच कारण नाही. तरीही 'ब्रायटेस्ट फ्लॅशलाइट' नावाचे अँड्रॉइड फोनवरचे एक फुकट ॲप वापरणाऱ्याचे ठिकाण आणि फोनचा ओळखक्रमांक जाहिरातदारांच्या जाळ्याकडे पाठवत असे. कोट्यवधी लोकांनी ते उतरवून घेतले होते. डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने त्याच्या निर्मात्यांवरील कारवाई जाहीर केली. ॲप प्रथम उघडले की पडद्यावर होकाराचे व नकाराचे अशी दोन बटणे येत. पण कोणतेही बटण दाबण्यापूर्वीच माहिती रवाना होऊ लागलेली असे, हा आयोगाचा एक आक्षेप होता.

ही उघड फसवणूक झाली. आमची टीका मात्र नियमाप्रमाणे चालणाऱ्या ॲपच्या बाबतीतही लागू पडणारी आहे.

अँड्रॉइडमध्ये प्रत्येक ॲप जणू स्वतंत्र कुलूपबंद खोलीत राहते. दुसऱ्या ॲपच्या खोलीत त्याला शिरता येत नाही. कॅमेरा, माइक, संपर्कयादी, ठिकाण हे सर्व खोलीबाहेर असते आणि त्यासाठी फोनच्या कार्यप्रणालीकडे परवानगी मागावी लागते. २०१५ पूर्वी सर्व परवानग्यांची यादी एकदमच समोर येई. सगळे मान्य करा, नाहीतर ॲप विसरा. २०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून प्रत्येक महत्त्वाची परवानगी प्रत्यक्ष गरजेच्या वेळी स्वतंत्रपणे विचारली जाऊ लागली. २०२० मध्ये 'फक्त या वेळी' हा पर्याय आला; २०२१ मध्ये अचूक ठिकाणाऐवजी ढोबळ ठिकाण देण्याची सोय झाली. या सुधारणांचे श्रेय दिलेच पाहिजे.

पण पडद्यावरचा प्रश्न अजूनही अपुराच आहे. 'या ॲपला तुमचे संपर्क पाहू द्यायचे का?' एवढेच तो विचारतो. ते कशासाठी, किती काळ ठेवणार, पुढे कोणाला देणार, याबद्दल त्यात काही नाही. त्याहून गंभीर गोष्ट अशी, की इंटरनेट वापरण्याची परवानगी अँड्रॉइडमध्ये 'सामान्य' गटात मोडते आणि ॲप बसवतानाच आपोआप मिळते. म्हणजे कपाट उघडण्यापूर्वी पाहुण्याने विचारायचे, पण त्यातले सामान घेऊन बाहेर पडण्याची मोकळीक त्याला आधीच!

दुसरा दोष असा, की संपर्कयादी एकट्या फोनधारकाची नसते. तिच्यातील शेकडो माणसांच्या वतीने एकच माणूस होकार देतो. कर्ज देणाऱ्या काही ॲपवाल्यांनी वसुलीसाठी कर्जदाराच्या नातेवाइकांना व परिचितांना छळल्याच्या तक्रारी आपल्याकडे झाल्या. सप्टेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने अशा ॲपना संपर्कयादी, कॉलची नोंद आणि फायली यांना हात लावू नये असे बजावले. केवळ बटण पुरेसे असते, तर ही वेळ आली नसती.

'नीट वाचून मगच बटण दाबा' हा सल्ला चुकीचा नाही. पण तो सारा भार वापरणाऱ्यावर टाकतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने वेगळी दिशा धरली आहे. त्यात दिलेले एक उदाहरण वर्गात जरूर सांगावे: दूरवैद्यकीय ॲपने संपर्कयादी मागितली आणि रुग्णाने होकार दिला, तरी सेवेसाठी त्या यादीची गरज नसल्याने तो होकार यादीपुरता लागू होत नाही. गरज आहे का, हा खरा निकष. १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अटही या कायद्यात आहे.

येथे शाळेची जबाबदारी सुरू होते. 'गृहपाठासाठी हे ॲप घ्या' असे शिक्षकांनी सांगितल्यावर नकार देण्याची मुभा पालकाला कितपत उरते? नकार दिला तर मुलाचा अभ्यास बुडणार. अशी संमती मुक्त म्हणता येणार नाही. म्हणून ॲप सुचवण्यापूर्वी ते काय मागते, हे शिक्षकांनी स्वतः पाहावे आणि ॲपशिवाय गृहपाठ देण्याची वाटही ठेवावी.

विद्यार्थ्यांकडून एक प्रयोग करून घेता येईल. वहीत चार रकाने आखावेत: ॲप, त्याचे काम, मागितलेली परवानगी, कामाशी संबंध. मग घरच्यांच्या संमतीने फोनच्या सेटिंगमध्ये एकेक परवानगी काढून ॲपचे काम चालते का ते पाहावे. काम चालू राहिले, तर ती परवानगी त्या कामासाठी आवश्यक नव्हती. मात्र निष्कर्षाची घाई नको. ब्लूटूथवरून जवळची उपकरणे शोधणाऱ्या ॲपला अँड्रॉइड ६ ते ११ मध्ये ठिकाणाची परवानगी मागावीच लागे, कारण आसपासच्या उपकरणांवरून माणूस कोठे आहे ते कळू शकते. विचित्र वाटणाऱ्या प्रत्येक मागणीमागे लबाडी असतेच असे नाही. पण कारण विचारण्याचा हक्क मात्र प्रत्येक वेळी आपला आहे.