गिटार दम कुठे घेते?

कॉलेजच्या दिवसांत आमच्या घरी रॉक संगीताची कॅसेट लागली की मामूंचा शेरा ठरलेला असे, "ये शोर कब बंद होगा?" मामू कव्वालीच्या एका पार्टीत हार्मोनियमवर बसत. त्यामुळे हा शेरा मला जरा जास्तच लागायचा. एकदा मात्र त्यांनी निराळा प्रश्न केला. कुणीतरी गिटारवर सुरांचा नुसता मारा करीत होता, मी भारावून ऐकत होतो आणि मामू म्हणाले, "ये दम कहाँ लेता है?" मला उत्तर देता आले नाही. गायक गप्प होतो आणि एकटे वाद्य पुढे येते, त्या वादनाला रॉकमध्ये 'सोलो' म्हणतात. गाजलेले सोलो मी पुढे याच प्रश्नाने तपासत आलो.

वेगाचे कौतुक मलाही आहे. एडी व्हॅन हेलनचा १९७८ चा 'इरप्शन' हा तुकडा पावणेदोन मिनिटांहून कमी आहे. त्यात त्याने उजव्या हाताची बोटेही गिटारच्या मानेवर नाचवली आणि एका पिढीचा रियाजच बदलून टाकला. पण त्याच्या आजूबाजूला गाणे नाही, त्यामुळे थक्क झाल्यावर पुढे काय करायचे ते कळत नाही. याच माणसाने १९८२ मध्ये मायकल जॅक्सनच्या 'बीट इट'मध्ये सोलो वाजवला, तोही बिनपैशाने. वाजवण्याआधी त्याने सोलोखालच्या संगीताची मांडणी बदलून घेतली. वेग तोच, पण या वेळी पायाखालची जमीन आधी पारखून घेतलेली. माझ्या मते 'इरप्शन'पेक्षा हे काम मोठे आहे. रसिक मंडळी मान्य करणार नाहीत, याची मला कल्पना आहे.

मामूंच्या प्रश्नाचे पहिले खरे उत्तर मला पिंक फ्लॉइडच्या 'कम्फर्टेबली नंब' (१९७९) या गाण्यात मिळाले. मनाने बधिर झालेल्या गायकाला डॉक्टर सुई टोचून मंचावर उभा करतो, असा त्याचा विषय. डॉक्टरच्या ओळी रॉजर वॉटर्स गातो, रुग्णाच्या ओळी डेव्हिड गिलमोर. सोलो दोन आहेत आणि दोन्ही गिलमोरचेच. पहिला रुग्णाच्या चालीवर आहे. मोकळा, जवळजवळ सुखी. शेवटचा मात्र डॉक्टरच्या ओळींखालच्या सुरावटीवर उभा आहे. ज्या जमिनीवर डॉक्टर बोलत होता, तिच्यावर आता रुग्णाची गिटार बोलते. शब्दांत त्याला जे उलटून सांगता आले नाही, ते ती सांगते. एकेक सूर ताणायचा, सोडायचा, थांबायचे, मग पुढचे वाक्य. हा सोलो एका झटक्यात सुचलेलाही नाही. गिलमोरने पाच-सहा वेळा वाजवले, प्रत्येक वेळचे चांगले तुकडे खुणा करून निवडले आणि ते जोडले. उत्स्फूर्ततेचे भाबडे कौतुक करणाऱ्यांना हे खटकेल. पण दहा शेर लिहून पाच ठेवणाऱ्या शायराला आपण कुठे कमी लेखतो? आणि हा सोलो संपत नाही, आवाज हळूहळू विरत जातो. सुटका झाली की नाही, ते ऐकणाऱ्यावर सोडलेले आहे.

तरीही हा प्रश्न सगळीकडे लागू पडत नाही. मेटॅलिकाच्या 'वन' (१९८८) या गाण्यातला सैनिक युद्धात हातपाय, डोळे, वाचा सारे गमावून बसला आहे. शरीराच्या आत जिवंत पुरला गेला आहे. ढोल मशीनगनसारखे धडधडू लागतात आणि कर्क हॅमेटची गिटार बेफाम सुटते. तिथे दम घ्यायला जागाच नाही, आणि ती नसणेच योग्य आहे. मामूंना हे पटवून द्यायचे राहून गेले.

क्वीनच्या 'बोहेमियन ऱ्हाप्सडी'तला (१९७५) सोलो अर्ध्या मिनिटाचाही नाही. गीतकार-गायक फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलेला, एवढे सांगून आपण खूश होतो. ब्रायन मेच्या गिटारकडे लक्ष कमी जाते. वडिलांसोबत घरी बनवलेल्या या गिटारवर त्याने गायलेली चाल पुन्हा वाजवली नाही. तिच्या शेजारी शोभेल अशी नवी चाल बांधली. ती गुणगुणता येते, यातच सगळे आले.

पण मला सर्वांत जवळचा आहे तो ब्लॅक सॅबथचा टोनी आयोमी. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात, नोकरीच्या शेवटच्या दिवशी, सतराव्या वर्षी त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांचे शेंडे यंत्रात गेले. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबण्याचा हात तोच. प्लॅस्टिकची बाटली वितळवून त्याने बोटांना टोप्या केल्या, वर चामडे चिकटवले. टोपीखालून तार जाणवत नाही, म्हणून तारा हलक्या घेतल्या. १९७१ च्या तिसऱ्या अल्बममध्ये त्या सैल करून सूर खाली उतरवला. मेटलचा तो जड, काळोखा आवाज घडला त्यात या अधू हाताचा मोठा वाटा आहे. आयोमीचे सोलो ऐकताना वाटते, हा माणूस एकही सूर फुकट खर्च करीत नाही. ५ जुलै २०२५ रोजी त्याच बर्मिंगहॅममध्ये, व्हिला पार्कच्या मैदानावर ब्लॅक सॅबथचा शेवटचा कार्यक्रम झाला. चार गाणी झाली. सत्त्याहत्तर वर्षांचा आयोमी ती सगळी त्याच हाताने वाजवत होता.